आयलीन फुल्टन : दुपारच्या मालिकेतलं काम रंगभूमीच्या तोलाचं मानायचं का?

तिसरी घंटा

अमेरिकन नटी आयलीन फुल्टन जुलै २०२५ मध्ये गेली, वय ९१. आपल्याकडच्या नाटकवाल्यांत तिचा विषय निघाला, की 'ती मालिकेतली नटी' म्हणून दोन वाक्यांत संपतो. मला हा अन्याय वाटतो, म्हणून हा धागा.

सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' ही मालिका २ एप्रिल १९५६ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०१० ला संपली. सोमवार ते शुक्रवार, भर दुपारी. फुल्टन १९६० मध्ये त्यात लिसा म्हणून आली आणि मधले काही खंड सोडले तर शेवटपर्यंत राहिली. पण मला बोलायचंय ते पहिल्या पंधरा वर्षांबद्दल. १९७५ च्या अखेरीपर्यंत ही मालिका थेट प्रक्षेपित व्हायची. रोज नवी संहिता, थोडी तालीम, आणि मग अर्धा तास प्रयोग. अडखळलात तर अख्ख्या देशासमोर अडखळलात. दुसऱ्या दिवशी तोच प्रवेश सुधारून करायची सोय नाही, कारण दुसऱ्या दिवशी प्रवेशच दुसरा.

साठच्या दशकात काही काळ तिचा दिवस असा असायचा : थेट मालिका, तिथून न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांत, ब्रॉडवेवर, 'हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ'चा मॅटिनी खेळ, आणि रात्री सलिव्हन स्ट्रीटवरच्या छोट्या थिएटरात 'द फँटॅस्टिक्स'. एडवर्ड आल्बीचं 'व्हर्जिनिया वुल्फ' इतकं लांबलचक आणि नटांना पिळून काढणारं होतं, की दुपारच्या खेळांसाठी वेगळा संच ठेवला होता. फुल्टन त्या संचात होती. यातली दोन कामं आपण 'रंगभूमी' म्हणून मोजतो आणि तिसरं सोडून देतो. का? माझ्या मते एकाच कारणानं : ते दुपारी घरी असलेल्या बायका बघत होत्या.

विंगेतला

ताई, धावपळीबद्दल आदर आहे. पण तीन ठिकाणी धावणं हे कष्टाचं माप झालं, अभिनयाचं नाही.

नाटकातल्या पात्राला शेवट असतो. नट पहिल्या प्रवेशापासून त्या शेवटाकडे चालत असतो, त्याची प्रत्येक निवड त्याच हिशेबानं होते. लिसाला शेवटच नव्हता. लग्नं, घटस्फोट, कारस्थानं, पुन्हा लग्न. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबण-पावडर विकणारी कंपनी मालिकेची निर्माती, आणि गृहिणीनं उद्या परत टीव्ही लावावा एवढीच कथेकडून अपेक्षा. अशा कामात नट पात्र घडवत नाही, पात्राची सवय लावून घेतो.

दुसरं, तिचं ते प्रसिद्ध 'आजी कलम'. लिसाला आजी करायचं नाही अशी अट तिनं करारात घालून घेतली होती. रंगभूमीवरचा नट नाटककाराला असं सांगेल?

तिसरी घंटा

सांगेल काय, आपल्याकडे नटांनी नाटककारांकडून अंकच्या अंक बदलून घेतलेत.

आणि ते कलम नीट बघा. सत्तरच्या दशकात मालिकेत आजी झालेल्या बाईच्या वाट्याला काय यायचं? स्वयंपाकघरातलं टेबल, कॉफी आणि सल्ले. प्रेम, मत्सर, चूक करण्याचा हक्क, सगळं तिच्याकडून काढून घेतलं जायचं. फुल्टन त्याला नाही म्हणत होती. पुढे लिसा आजी झालीच, तरी तिच्यातली खोडी गेली नाही.

'सवय लावून घेतो' हे तर मुळीच मान्य नाही. लिसा ही मुळात साधी, गोड, थोड्या दिवसांची मुलगी म्हणून लिहिली होती. शब्द गोडच ठेवून डोळ्यांत डाव आणला तो फुल्टननं. मग लेखक तिच्या मागे आले. न्यूयॉर्कच्या नेबरहूड प्लेहाउस या नाट्यशाळेत सॅनफर्ड माइझनर या अभिनयगुरूच्या हाताखाली शिकलेली नटी होती ती. संवादाच्या खाली दुसरंच काहीतरी चालू ठेवायचं, हे तिथलंच शिक्षण.

एडिसनकर

मी लग्न होऊन न्यू जर्सीला आले तेव्हा दुपारी घरात मी आणि टीव्ही. इंग्रजी वाचता यायचं, पण माणसं बोलायला लागली की गडबडायचे. ही मालिका मला कळायची, कारण मालिकेतल्या ओकडेल गावातल्या त्या बायका थांबून, एकमेकींकडे बघत बोलायच्या. शेजारीण लिसाचा मनापासून राग करायची. न्यूयॉर्कच्या रस्त्यात एका बाईनं तर फुल्टनवर हातही उगारला होता, हे मला त्या शेजारणीनंच सांगितलं.

विंगेतले, तुमच्यासाठी एक नाव : लॅरी ब्रिगमन. याच मालिकेत १९६९ ते २००४ डॉ. जॉन डिक्सन. १९८४ आणि १९८७ ला डेटाइम एमी, म्हणजे दुपारच्या टीव्ही कार्यक्रमांचा पुरस्कार. ते चालू असतानाच ब्रॉडवेवर 'पिकनिक' आणि 'प्रूफ'साठी टोनी या नाट्यपुरस्काराची नामांकनं, १९९४ आणि २००१ ला. 'प्रूफ'मधला बाप मी नवऱ्याबरोबर जाऊन बघितला. दुपारचा डॉक्टर रात्री वेगळाच माणूस झाला होता, पण समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून मग उत्तर द्यायची ती ढब मी आधीच ओळखत होते.

कोथरूडकर

इथे एक व्यवहाराची गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ आणि थिएटर एकाच शहरात होते, मालिकेचा पगार नियमित होता, म्हणून ब्रिगमनला नाटक निवडून करता आलं. आपल्याकडे घोडबंदरच्या सेटवरून सुटून गडकरीचा प्रयोग गाठणाऱ्या पोरांना विचारा. तारखा जुळत नाहीत म्हणून नाटक सुटतं, मालिका नाही सुटत. त्यामुळे मालिकेनं रंगभूमीला माणसं दिली की तिची खाल्ली, हे ठिकाणावर आणि करारावर अवलंबून आहे. फुल्टनच्या उदाहरणावरून सरसकट काही ठरवू नये.

विंगेतला

ब्रिगमनचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्याचं मोठेपण आपण 'प्रूफ'वरून सांगतोय, डॉ. डिक्सनवरून नाही.

फुल्टनला १९६५ मध्ये संधी मिळाली होती. लिसाला घेऊन सीबीएसनं 'अवर प्रायव्हेट वर्ल्ड' ही संध्याकाळची मालिका काढली. मे महिन्यात सुरू, सप्टेंबरमध्ये बंद. दुपारच्या चौकटीबाहेर ते काम उभं राहिलं नाही.

आणि मुख्य अडचण : त्या थेट भागांपैकी बहुतेक आज बघायलाच मिळत नाहीत. न पाहिलेल्या अभिनयाला रंगभूमीच्या तोलाचा कसं म्हणायचं?

तिसरी घंटा

'व्हर्जिनिया वुल्फ'च्या मॅटिनीतली फुल्टन तरी तुम्ही कुठे पाहिलीत? बालगंधर्वांची रंगमंचावरची भामिनी आपल्यापैकी कुणी पाहिली? तिथे आपण जुन्या माणसांच्या आठवणींवर, नोंदींवर विश्वास ठेवतो. दुपारच्या प्रेक्षकांची आठवण मात्र पुरावा म्हणून चालत नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ चं घ्या. याच मालिकेत मधेच सीबीएसचा वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉंकाइटचा आवाज आला आणि राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळ्या लागल्याची बातमी देशाला कळली. स्टुडिओतल्या नटांना त्याचा पत्ता नव्हता, ते प्रवेश करत राहिले. मालिकेतली नटी हेलन वॅग्नर तेव्हा प्रवेशात होती. तीच हेलन वॅग्नर पहिल्या भागापासून होती आणि २०१० पर्यंत नॅन्सी या पात्राचंच काम करत होती. एका पात्राबरोबर चोपन्न वर्षं म्हातारं होणं कुठलं नाटक कुणाला देऊ शकेल? तुम्ही शेवटाबद्दल बोललात. तिथे शेवटाऐवजी वय होतं, आणि वय अभिनयात आणणं मला तरी सोपं वाटत नाही.

विंगेतला

वॅग्नरबद्दल पटलं. फुल्टनबद्दल अजून नाही. लिसाचा एक सलग आठवडा, साठच्या दशकातला, कुठे मिळत असेल तर सांगा. बसून बघतो आणि मग इथेच लिहितो.

एडिसनकर

त्या काळातला सलग आठवडा मिळणं कठीण. नंतरच्या वर्षांतले भाग आमच्या शेजारणीनं टेप करून ठेवलेत, अजून तिच्या तळघरात आहेत. ऐंशीच्या दशकातली लिसा चालेल का?