गलीना (इलिनॉय) : आईचे गुडघे आणि गावातल्या पायऱ्या, मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

साताऱ्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन ऑक्टोबरमध्ये शिकागोहून गलीनाला दीड दिवसासाठी जाण्याचा बेत आहे. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक असल्यामुळे त्यांची यादी तयार आहे. अडचण आईच्या गुडघ्यांची आहे. गाव टेकडीच्या उतारावर वसलेले असून खालच्या मेन स्ट्रीटवरून वरच्या रस्त्यांवर जायला जागोजागी दगडी जिने आहेत, त्यांपैकी एकाला तर दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. अशा ठिकाणी आई "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते" म्हणून मोकळी होते, आणि या वेळी नेमके तेच टाळायचे आहे.

बाबांचा मुख्य ओढा अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या घराकडे आहे. १८६० मध्ये वडिलांच्या चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात काम करण्यासाठी या गावात आलेला हा माणूस पाच वर्षांनी अमेरिकेतले यादवी युद्ध जिंकून परतला, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना विटांचे हे घर सामानासह भेट दिले. अध्यक्षपद संपल्यावर जगप्रवासाला निघालेले ग्रँट फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले होते, हे बाबा आम्हाला आतापर्यंत तीनदा सांगून झाले आहेत. हे घर नदीच्या पलीकडे चढावर आहे. गाडी दारापर्यंत नेता येते का, आणि वरचा मजला न चढता खालच्या खोल्या नीट पाहता येतात का?

दुसरे ठिकाण म्हणजे १८५५ मध्ये सुरू झालेले डिसोटो हाउस हॉटेल. याच्या सज्जातून १८५६ मध्ये लिंकन यांनी भाषण केले होते आणि १८६८ च्या निवडणुकीत ग्रँट यांच्या प्रचाराचे कार्यालयही इथेच होते. मुक्काम इथेच केला, तर मेन स्ट्रीटची दुकाने आणि १८४० च्या दशकातले जुने मार्केट हाउस आईला हळूहळू चालत पाहता येईल, असा माझा अंदाज आहे. शिशाच्या खाणींची भरभराट ओसरली, नदी गाळाने भरली आणि गावाकडे जुने पाडून नवे बांधायला पैसा उरला नाही, म्हणून हा रस्ता आजही शाबूत आहे. त्यामुळे तो घाईने उरकावा असे वाटत नाही. तिथे बसायला बाकडी आहेत का? शनिवार-रविवारी गर्दी फार असते का?

शेवटचा प्रश्न मिसिसिपी नदीपलीकडच्या डुब्यूक शहराबद्दल आहे. तिथली १८८२ पासूनची, दोरखंडाने ओढली जाणारी, २९६ फूट लांबीची छोटी रेल्वे थेट कड्यावर नेते आणि वरून तीन राज्ये दिसतात. चढण्याचे कष्ट न घेता आईला उंचावरून काही पाहता येईल, असे हे एकच ठिकाण मला सापडले. मात्र या रेल्वेच्या डब्यात चढता-उतरताना पायऱ्या किती उंच आहेत? गुडघ्यांचा त्रास असलेल्या कुणाला आपण तिथे नेले असेल, तर कृपया सविस्तर लिहावे.