सर२ नसताना यीस्टच्या लाल वसाहती पांढऱ्या का होतात?

प्रश्न (वाशी): मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एडीई२ हे अॅडेनिन बनवण्यासाठी लागणारे जनुक गुणसूत्राच्या टोकाजवळ बसवलेल्या यीस्टच्या वसाहती लाल असतात आणि त्यांत पांढरे पट्टे दिसतात, मात्र सर२ हे विकर काढून टाकले की त्या पांढऱ्याच उगवतात. सर२ तर डीएनएत काहीच बदल करत नाही, मग जनुक कसे जागे होते?

उत्तर (नौपाडा, ठाणे): डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवर सर२ काम करते. हिस्टोन एच४ च्या सोळाव्या स्थानी असलेल्या लायसिन या अमिनो आम्लावरील असिटिल गट ते काढते, त्यामुळे सर३ या जोडीदार प्रथिनाला तेथे घट्ट बसता येते, आणि सर प्रथिनांची ही साखळी टोकाकडून आत पसरली की एडीई२ दबले जाते. मग अॅडेनिनची निर्मिती अर्ध्यावर अडते व साचलेल्या पदार्थापासून लाल रंगद्रव्य तयार होते. सर२ नसले की ही साखळी पसरत नाही, एडीई२ जागे राहते आणि वसाहती पांढऱ्या उगवतात.

उत्तर (ऐरोली): वरील उत्तर योग्य आहे. पट्ट्यांचे कारण असे की, दबलेली किंवा जागी अवस्था पेशी विभाजनातून पुढच्या पिढ्यांकडे जाते, पण क्वचित उलटते. सर२ ला प्रत्येक असिटिल गटामागे एनएडी या सहविकराचा एक रेणू लागतो. त्यातून सुटणारे निकोटिनामाइड सर२ लाच रोखते, म्हणून माध्यमात ते मिसळून सर२ चे जनुक न काढताही हा परिणाम पाहता येईल. माध्यमात अॅडेनिन मात्र बेताचेच ठेवा, नाहीतर लाल रंग उमटतच नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या प्लेटांवर लाल रंग फिकटच येतो, त्याचे कारण बहुधा जास्तीचे अॅडेनिनच असावे.