मदत हवी आहे: पगारवाढ मागताना जीभच वळत नाही

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, राहते दांडिया बाजारात. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात अकाउंट्स बघते. चार वर्षं दोन महिने झाले, हातात २४,००० येतात. पूर्वी जीएसटीचं काम बाहेरच्या सीएकडे जायचं. दीड वर्षापासून तेही माझ्याच टेबलावर. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न्स भरायची, त्या दिवसांत घरी यायला रात्रीचे नऊ. पगार मात्र दोनदाच वाढला, तोही हजार-हजारने.

परवा हिय्या करून केबिनमध्ये गेले. शेठ म्हणाले, "बेन, आ वखते मार्केट ठंडुं छे," आणि चहा मागवला. मी चहा पिऊन परत आले! आकडा तोंडातून निघालाच नाही. आई म्हणते, "त्यांना काम दिसतं गं, देतील." चार वर्षं दिसतंयच की.

आता सांगा, आकडा आधी मी बोलावा की त्यांना बोलू द्यावं? ३०,००० फार होतील का? सीएची वाचलेली फी लिहून न्यायचं मनात आहे, पण तो हिशेब मांडणं उर्मटपणा वाटेल का? दुसरी ऑफर हातात नाही आणि खोटं सांगायचं नाही. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, त्यामुळे इतक्यात सोडायचंही नाही. बेसिकच (मूळ पगार) वाढवून मागू का? वाढलेल्या बेसिकवरही पीएफचे १२ टक्के कापले जातील, पण ग्रॅच्युइटीही शेवटच्या बेसिकवर (डीए असेल तर तो धरून) काढतात ना.

छोट्या कारखान्यात, शेठ समोर बसलेले असताना कुणी मागून घेतलंय का? पहिलं वाक्य काय बोललात, तेवढं तरी लिहा.