बाबेलचं 'ओझं' की 'देववाणी'?

तळटीप : एका जुन्या इंग्रजी प्रवचनाचा मराठी अनुवाद करतेय. बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १३व्या अध्यायापाशी गाडी अडली. जुन्या इंग्रजी पाठात बाबेलचं (म्हणजे बाबिलोनचं) 'बर्डन' आहे, म्हणून मी सरळ 'बाबेलचे ओझे' लिहिलं. तपासनिसांनी ते खोडून 'भाकीत' केलं. पण प्रवचनकाराचा सगळा डोलारा त्या ओझ्यावरच उभा आहे! 'भाकीत' म्हटलं की पुढची चार पानं निरर्थक होतात. काय करावं?

उंटावरचा : मूळ हिब्रू शब्द 'मस्सा', 'उचलणे' या धातूवरून आलेला. त्याचा अर्थ ओझंही होतो आणि देववाणीही. बायबलचा जुना अनुवादक जेरोम, त्याने लॅटिनमध्ये 'ओनुस' म्हणजे ओझं घेतलं, इंग्रजी त्याच वाटेने गेली. मराठी बायबलात 'देववाणी' आहे, तेच ठेवा.

तळटीप : मग ती चार पानं?

उंटावरचा : तळटीप द्या. नावच आहे तुमचं.

खारवी : थांबा, तुमचे प्रवचनकार अगदीच चुकलेले नाहीत. ४६व्या अध्यायात बाबेलचे देव बेल आणि नबो थकलेल्या जनावरांच्या पाठीवर लादून नेतात. तिथे 'मस्सा'च आहे आणि अर्थ निव्वळ ओझं. ज्या देवांच्या जिवावर माज केला, ते स्वतःलाही उचलू शकत नाहीत! माझं मत 'भार'ला. आमच्याकडे तळकोकणात आणि गोव्यात अंगात देव येतो त्याला 'भार आला' म्हणतात. भाराखाली माणूस बोलतो ती देवाची वाणी. ओझं आणि वाणी, दोन्ही एका शब्दात. 'बाबेलवरचा भार' करा.

पायवाट : शब्द छान, पण यशया घुमत नव्हता हो! आमच्या मंडळीत हे वाचलं तर म्हातारी माणसं उठून जातील. संदेष्टा शुद्धीवर राहून बोलतो. 'भार' म्हटलं की डोळ्यांसमोर ढोल आणि हळद येते.

खारवी : येऊ दे की. 'प्रभू', 'भक्ती', 'तारण' हे शब्द काय जेरुसलेमहून आले?

पायवाट : वापरून वापरून आमचे झाले ते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं (१९२४ साली, त्यांच्या मागे छापून आलं), ते खेड्यातल्या साध्या बायांना कळावं म्हणून. प्रत्येक शब्द घेताना किती विचार केला असेल!

उंटावरचा : यिर्मयाचा २३वा अध्याय बघा. लोक 'मस्सा, मस्सा' करून इतका वात आणतात की शेवटी हा शब्दच तोंडातून काढू नका म्हणून सांगितलंय. आपला धागा त्याच वाटेवर आहे.

नगरी : भाषांतरातलं कळत नाही, पण बाबेलवरून आठवलं. आजी बाजारात भाजीवाल्याने माप मारलं की मोठ्याने म्हणायची, "तकेल!" बेलशस्सर राजाच्या भिंतीवर उमटलेली अक्षरं ना ती, मने मने तकेल? तोलला आणि उणा भरला. भाजीवाला बापडा विचारायचा, "आजी, हे कोणतं वजन?"

उंटावरचा : भाजीवाल्याचं बरोबर होतं. तकेल म्हणजे शेकेल, वजनच ते. 'मने' हेही वजन. आणि त्यापुढचा शेवटचा शब्द 'ऊफारसीन', त्यात 'वाटणी' आणि 'पारसी' अशी दुहेरी कोटी आहे. इ. स. पू. ५३९ मध्ये पारसी राजा कोरेशाने बाबेल घेतलंच. गंमत म्हणजे आपला 'तराजू'ही फारसीच.

पायवाट : म्हणून मी 'ताजवा' म्हणते. शुद्ध मराठी.

उंटावरचा : ताजवा त्या तराजूचंच रूप आहे, ताई.

पायवाट : कशावरून? कोशात लिहिलं म्हणून? आमच्या घरी चार पिढ्या ताजवाच म्हणतात.

नगरी : आजी 'तागडी' म्हणायची.

खारवी : तागडी म्हणजे नुसतं पारडं ना? अख्खा काटा कसा होईल?

नगरी : आमच्याकडे अख्खा काटा. दांडीसकट.