लग्न न झालेल्या आईवडिलांचं बाळ इंग्लंडमध्ये जन्मलं, भारतीय नागरिकत्वासाठी काय करायचं?

मांडवीची मावशी (बडोदे)

भाचीच्या बाळासाठी विचारते आहे. भाची इथलीच, भारतीय पासपोर्ट, सध्या लेस्टरला ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षण संपल्यावर काही काळ तिथे राहण्याचा तात्पुरता परवाना). मुलगी तिथेच जन्मली, आता साडेसात महिन्यांची आहे. बाळाचे वडील मूळ दमणच्या घरातले, पण पासपोर्ट पोर्तुगालचा. दोघांचं लग्न झालेलं नाही आणि इतक्यात करायचंही नाही, तेव्हा त्यावर उपदेश नको, ही विनंती. जन्मदाखल्यावर फक्त आईचं नाव आहे, वडिलांचा रकाना कोरा.

घरात तीन तोंडं, तीन मतं. आमचे हे म्हणतात, बाळाला इकडे आणा, महानगरपालिकेत नोंद करून टाकू, मग पासपोर्ट निघेलच. भाऊ म्हणतो, बडोद्याच्या कलेक्टरला नागरिकत्व द्यायचे अधिकार मिळालेत, पेपरात आलं होतं. वहिनीचं म्हणणं, लग्नाचा दाखला नसेल तर कॉन्सुलेट अर्जाला हातही लावणार नाही. खरं काय धरायचं? आणि वडिलांचं नाव आता घालून घ्यावं का?

कागदपत्रवाले, रावपुरा

मावशी, बाकी सगळं मागाहून, आधी कॅलेंडर बघा.

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ४. परदेशात ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर जन्मलेलं मूल आपोआप भारतीय होत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक असावा लागतो. ती अट भाचीमुळे पुरी झाली. दुसरी अट, जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये त्या जन्माची नोंद. वर्ष उलटल्यावरही नोंद होते, पण त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. फाइल दिल्लीला जाते, उशीर का झाला ते लेखी द्यावं लागतं, आणि घरचे महिनोन्‌महिने पोर्टलवर स्टेटस बघत बसतात. तुमच्याकडे साडेचार महिने आहेत. त्यात काम होईल, पण दिवाळीनंतर बघू म्हणण्याइतकी सवड नाही.

वहिनींचं म्हणणं अर्धं खरं. कलमात आईवडिलांच्या लग्नाचा शब्द नाही. लग्नाचा दाखला असतो तो खिडकीवरच्या कागदांच्या यादीत. यादी बघून माणूस विचारणारच, म्हणून त्या जागी ठेवायचा कागद आधीच तयार हवा: आईचं प्रतिज्ञापत्र. ते आईनेच, तिथे इंग्लंडमध्ये नोटरीसमोर करायचं. आजोबांनी बडोद्याच्या कोर्टाबाहेर करून कुरिअर केलेल्या प्रतिज्ञापत्राला काही किंमत नाही, कारण शपथ घेणारी व्यक्ती ती नव्हे. नोटरीवर तिथल्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (नोटरीची सही-शिक्का खरा असल्याचं प्रमाणपत्र) हवं की नको, हे अर्ज देण्याआधी ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

अर्ज दोन आहेत, हे बहुतेकांना कळत नाही. पहिला गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर, कलम ४(१) खाली जन्मनोंदणीचा; भरला की फाइल नंबर पडतो, त्याची प्रिंट सही करून कागदांबरोबर द्यायची. दुसरा बाळाच्या पासपोर्टचा. पहिला झाल्याशिवाय दुसऱ्याला पाया नाही. नोंदणीचं जे प्रमाणपत्र मिळतं तोच मुलीच्या नागरिकत्वाचा मूळ पुरावा. लहान मुलाचा पासपोर्ट जास्तीत जास्त ५ वर्षांचा, तो संपेल, बदलेल. हे प्रमाणपत्र मात्र घराच्या खरेदीखताशेजारी ठेवा.

नोंदणीच्या वेळी एक घोषणा द्यावी लागते, की बाळाकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही. म्हणून वडिलांकडच्या मंडळींनी हौसेने पोर्तुगीज पासपोर्टचा अर्ज टाकला नसेल ना, ते आजच विचारा. तो हातात पडला की ही घोषणा खरी राहत नाही आणि हा रस्ता बंद.

विश्वामित्रीकाठ

यजमानांच्या मताबद्दल. ते अगदी हवेतून आलेलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम २० मध्ये सोय आहे: परदेशात जन्मलेल्या मुलाची कॉन्सुलेटकडून नोंद आलेली नसेल आणि आईवडील भारतात कायम राहायला परतले, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. पण त्याने मिळतो जन्मदाखला. नागरिकत्व मिळत नाही. महानगरपालिकेचा शिक्का बघून लोकांचा गैरसमज होतो, आणि चूक कळते ती पासपोर्ट सेवा केंद्रात, जन्मस्थळाच्या रकान्यात लेस्टर दिसल्यावर. तोवर वर्ष उलटून गेलेलं असतं.

शिवाय बाळाला आणणार कसं? तिच्याकडे आज कुठलाच पासपोर्ट नाही. भारतीय पासपोर्टला नोंदणी लागते. पोर्तुगीज काढला तर वर सांगितलेली अडचण. विमानाच्या काउंटरवरच गाडी अडेल.

कलेक्टरबद्दल पेपरात आलं होतं ते खरं. २८ मे २०२१ ची गृह मंत्रालयाची अधिसूचना; गुजरातमधले मोरबी, राजकोट, पाटण आणि वडोदरा हे जिल्हे त्यात आहेत. पण ती पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी. तुमच्या नातीचा तिच्याशी संबंध नाही. भावाला सांगा, बातमी बरोबर, पत्ता चुकला.

लेस्टरकर

इंग्लंडच्या बाजूचं सांगतो. गाडं खरं तर इथेच अडकतं.

तिथे जन्मल्याने मूल ब्रिटिश होत नाही. १ जानेवारी १९८३ पासून आई किंवा वडील ब्रिटिश किंवा तिथे कायमचे स्थायिक असावे लागतात. ग्रॅज्युएट व्हिसा म्हणजे स्थायिक नव्हे. म्हणजे आईच्या बाजूने बघितलं तर आज ही मुलगी कागदावर कुठल्याच देशाची नाही. भारतीय आईवडिलांच्या अशाच नोंद न झालेल्या एका मुलीला लंडनच्या हायकोर्टाने २०१७ मध्ये राज्यहीन ठरवलं होतं, कारण आपलं नागरिकत्व नोंदणीनंतरच सुरू होतं. पुष्कळांनी त्यावरून ब्रिटिश नागरिकत्वाचा रस्ता काढला; २०२२ च्या कायद्याने तो बराच आवळला गेला. त्या वाटेच्या भरवशावर राहू नका.

दाखला कोणता आहे तो बघा. इंग्लंडमध्ये जन्माचे दोन दाखले मिळतात. छोट्यावर फक्त बाळाचं नाव, तारीख आणि ठिकाण. आईवडिलांची नावंच नसतात. कॉन्सुलेटला लांब, पूर्ण नोंदीचा लागतो. छोटा घेऊन गेलात तर त्याच दिवशी परत.

त्या लांब दाखल्यावर आईचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडच्या पासपोर्टमध्ये पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, समजा "संपदा अनिल", आणि आडनाव खाली, "कदम". तिथल्या रजिस्ट्रारला भाचीने नुसतं "संपदा कदम" सांगितलं असेल तर दाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई कागदावर दोन बायका होतात. दुरुस्ती होते, पण रजिस्टर ऑफिसला पुरावे द्यावे लागतात आणि ते आठवडे तुमच्या वर्षातूनच जातात. वाचून एकच बाई वाटते, हा युक्तिवाद खिडकीवर करू नका.

आता वडिलांचं नाव. लग्न झालेलं नसेल तर आई एकटी नोंद करू शकते, पण वडिलांचं नाव घालायला दोघांनी रजिस्ट्रारसमोर एकत्र जावं लागतं, किंवा जो येणार नाही त्याने पितृत्व मान्य असल्याचं शपथेवरचं निवेदन द्यावं लागतं. आता नोंद झालेली असल्याने पुनर्नोंदणी करावी लागेल. कोऱ्या रकान्यात नाव नुसतं भरून देत नाहीत. नवी नोंद होते, नवा दाखला मिळतो.

घालावं की नाही हे त्या वडिलांच्या स्टेटसवर ठरेल. त्यांच्याकडे सेटल्ड स्टेटस (तिथे कायमचं राहण्याची परवानगी) आहे की प्री-सेटल्ड (मुदतीची परवानगी)? आणि जन्माच्या दिवशी कोणतं होतं? आजचं नको, त्या दिवसाचं.

सयाजीगंज वकील

वरचं सगळं बरोबर आहे. मी फक्त दोन-तीन ठिकाणी थांबतो.

भाचीचं आधी कोणाशी लग्न झालेलं नाही ना? विचारणं जिवावर येतं, पण विचारा. जन्माच्या दिवशी ती कायद्याने दुसऱ्या कोणाची पत्नी असेल, घटस्फोट अजून लटकलेला असेल, तर ब्रिटिश नागरिकत्व कायदा त्या नवऱ्यालाच बाप धरतो. आपल्याकडेही भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ११६ चं गृहीतक तेच. तसं असेल तर प्रतिज्ञापत्राचा मसुदा पूर्ण बदलेल. नसेल तर, जन्माच्या दिवशी मी कोणाशीही विवाहित नव्हते, हे वाक्य प्रतिज्ञापत्रात घाला. त्याच्या जोडीला तिचा पासपोर्ट नंबर, बाळाचं नाव, जन्मतारीख, ठिकाण, मूल आईच्या ताब्यात असल्याचं, आणि दुसरा पासपोर्ट नसल्याचं. वडिलांबद्दल किती लिहायचं ते दाखल्यावर आहे तितकंच. रकाना कोरा ठेवून प्रतिज्ञापत्रात बापाचा इतिहास लिहिला की अधिकारी विचारणार, मग दाखल्यात का नाही?

लोकांना वाटतं, एकट्या आईला अधिकार कमी. आई हिंदू असेल आणि मूल हिंदू म्हणून वाढत असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ६(ख): विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग बाप. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ ला असंही सांगितलं, की अविवाहित आईला पालकत्व मागताना बापाला नोटीस देण्याची सक्ती नाही. पासपोर्टच्या अर्जातही डिसेंबर २०१६ पासून आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाचं नाव पुरतं. कोणी खिडकीवर वडिलांचं नाव मागितलं तर वाद न घालता या तारखा सांगा.

नाव घातलं की मात्र हिशेब बदलतो. दाखल्यावर नाव आलेल्या अविवाहित बापाला इंग्लंडमध्ये पालकत्वाचे हक्क मिळतात. मग बाळाच्या पासपोर्टला त्याची संमती विचारली जाईल: दोघांची असेल तर पासपोर्ट अर्जाला जोडायच्या घोषणापत्रांपैकी अॅनेक्शर डी, एकाच पालकाचा अर्ज असेल तर सी. शिवाय त्याच्या संमतीशिवाय मुलीला इंग्लंडबाहेर नेणं हा तिथे १९८४ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकतो. संबंध चांगले असतील तर संमतीचं पत्र ही एका सहीची गोष्ट. बिघडले तर आजोळी दोन महिने आणायलाही कोर्ट लागेल. नाव घालू नका, असं मी म्हणत नाही. मुलीचाही वडिलांवर हक्क आहे. फक्त डोळे उघडे ठेवून घाला.

मांडवीची मावशी (बडोदे)

सगळ्यांचे आभार. विचारून घेतलं. आधीचं लग्न नाही. पोर्तुगीज पासपोर्टचा अर्ज टाकलेला नाही, आजी मागे लागल्या होत्या, थांबवलं. दाखला लांबच आहे, नावही पासपोर्टप्रमाणे पूर्ण. बाळाच्या वडिलांकडे २०२० पासून सेटल्ड स्टेटस आहे. मग आता?

लेस्टरकर

मग विषय मोठा झाला. सेटल्ड म्हणजे कायमचं स्थायिक. जन्माच्या दिवशी ते तसे होते आणि तेच वडील आहेत हे सिद्ध झालं, तर मुलगी जन्मापासूनच ब्रिटिश. १ जुलै २००६ पासून त्यासाठी आईवडिलांचं लग्न लागत नाही. अर्ज करून मिळवायचं नागरिकत्व हे नव्हे. ते आहेच, फक्त पुरावा द्यायचा: वडिलांच्या नावाची पुनर्नोंदणी, त्यांच्या स्टेटसची तारीख, शंका घेतली तर डीएनए. प्री-सेटल्ड असते तर हे झालं नसतं. ते नंतर सेटल्ड झाल्यावर मुलीच्या नावाने वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागली असती.

कागदपत्रवाले, रावपुरा

आणि म्हणूनच आता घरात बसून ठरवा, कारण दोन्ही पासपोर्ट बाळगता येत नाहीत.

भारतीय नोंदणीत घोषणा पासपोर्टची असते. जन्माने ब्रिटिश असूनही ब्रिटिश पासपोर्ट काढलेला नसेल तर वर्षाच्या आत भारतीय नोंद करता येते. मग कलम ४(१क): १८ पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांत तिने दुसरं नागरिकत्व सोडलं नाही, तर भारतीय जातं. ती तारीख आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. अठरा वर्षांनी कोणाला आठवत नाही.

दुसरा रस्ता ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड). एक पालक भारतीय नागरिक असलेल्या अल्पवयीन मुलाला ओसीआय मिळतं, मात्र आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कोणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचा नागरिक नसावा. येण्याजाण्याला, राहण्याला, खासगी नोकरीला अडचण नाही. पण मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर नीटच्या (वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या) जागांमध्येही ओसीआय एनआरआयच्या रांगेत. मुलगी इंग्लंडमध्येच वाढणार असेल तर मी ओसीआय म्हणेन. दोन-तीन वर्षांत भाची परत येणार असेल तर भारतीय नोंद, आणि ती आधी, कारण मुदत फक्त तिलाच आहे. ब्रिटिशपणाचा पुरावा पाच वर्षांनीही जमवता येईल.

एक लक्षात ठेवा, भारतीय पासपोर्टवर बाळ इकडे आलं तर परत जायला तिला ब्रिटनचा व्हिसा किंवा ब्रिटिश असल्याचा पुरावा लागेल. निघण्याआधी त्याची सोय बघा, नाहीतर आई तिकडे आणि लेक मांडवीत.

सयाजीगंज वकील

भारतीय नोंद करायची ठरली आणि त्याच सुमारास पुनर्नोंदणीही करणार असाल, तर क्रम ठरवून घ्या. अर्ज एका दाखल्यावर आणि मध्येच दुसरा दाखला, असं होऊ देऊ नका. जुन्या दाखल्यावर वडील नाहीत, नव्यावर आहेत. फाइल तिथेच थांबते. पुनर्नोंदणी लवकर होत असेल तर ती आधी आणि मग दोघांच्या सहीने अर्ज. होत नसेल तर आईच्या एकट्या दाखल्यावर अर्ज पुरा करा आणि प्रमाणपत्र हातात येईपर्यंत दाखल्याला हात लावू नका.

मांडवीची मावशी (बडोदे)

भाचीचं परत यायचं ठरतं आहे, म्हणून भारतीय नोंद आधी. शेवटचं एक, बाळाची सही कशी?

कागदपत्रवाले, रावपुरा

अंगठा. मुलगी आहे, म्हणून उजव्या हाताचा. मुलगा असता तर डावा. बाळ झोपेत असताना घ्या, जागेपणी मूठ उघडत नाही. शाई अगदी पातळ लावा, आधी कोऱ्या कागदावर दोनदा टेकवून जादा शाई काढा आणि मग फॉर्मवर. ठसा चौकटीच्या रेघेबाहेर जाता कामा नये. फॉर्मच्या दोन प्रिंट काढून ठेवा, पहिली हमखास वाया जाते.