भंगार व पुनर्प्रक्रिया व्यवसायासाठी ईआरपी निवडताना नेमके काय तपासावे?

प्रश्न (व्यवस्थापक, चाकण)

आम्ही कारखान्यांतून लोखंड व ॲल्युमिनियमचे भंगार उचलतो आणि दुसऱ्या शेडमध्ये एचडीपीई प्लास्टिकची प्रतवारी करून दाणे तयार करतो. हिशेब टॅलीमध्ये, वजनकाट्याच्या पावत्या वेगळ्या संगणकावर आणि गाड्यांच्या फेऱ्या वहीत, अशी सध्याची व्यवस्था असल्यामुळे महिनाअखेरीस तिन्हींचा मेळ बसत नाही. म्हणून खरेदी, साठा, विक्री व हिशेब एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली (ईआरपी) घ्यायची आहे. आमच्यासमोर तीन पर्याय आहेत: केवळ कचरा व्यवसायासाठी बनवलेली एक परदेशी प्रणाली, ईआरपीनेक्स्टसारखी सर्वसाधारण प्रणाली, किंवा स्थानिक प्रोग्रामरकडून टॅलीला जोड करून घेणे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पुनर्प्रक्रिया प्रकल्पातील उत्पादन प्रमुख)

निवडीची सुरुवात काट्यापासून करावी, हिशेबापासून नव्हे. विक्रेत्यासमोर एका गाडीचे उदाहरण ठेवा: भरलेले वजन १२,४८० किलो, रिकामे ५,१२० किलो, म्हणजे माल ७,३६० किलो, त्यातून माती व ओलाव्यापोटी २६० किलो वजावट होऊन पैसे ७,१०० किलोचे द्यायचे आहेत. ही वजावट कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने केली याची नोंद राहते का, मूळ वजन तसेच शाबूत राहते का, आणि काट्याच्या इंडिकेटरवरून आकडा थेट येतो की कोणीही तो हाताने टाकू शकतो, हे प्रात्यक्षिकातच पाहून घ्या. हाताने वजन टाकण्याची मुभा असेल तर ती कोणाला आहे, हे मालकांनीच ठरवावे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची असून तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. बहुतेक ईआरपी अनेक सुटे भाग जोडून एक वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यासाठी रचलेल्या असतात. आपला व्यवहार याच्या उलट आहे: एका मिश्र ढिगातून चार प्रतींचा माल, थोडा टाकाऊ भाग आणि घट निघते. खरेदीची किंमत या चार प्रतींवर कशी वाटायची, हे प्रणालीला सांगता आले नाही, तर साठ्याचे मूल्य आणि नफा हे दोन्ही आकडे निव्वळ अंदाजाचे ठरतात.

उत्तर २ (सनदी लेखापाल)

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु हिशेबाची बाजू दुय्यम मानता येणार नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतल्यास जीएसटी खरेदीदारालाच भरावा लागतो, आणि त्यासाठी लागणारे स्वतःचे बीजक माल मिळाल्यापासून ३० दिवसांत तयार करावे लागते. नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधील धातू-भंगाराच्या व्यवहारात, कराराचे मूल्य अडीच लाखांहून अधिक असल्यास, २ टक्के टीडीएसही (खरेदीदाराने देयकातून कापून भरायचा जीएसटी) येतो. प्लास्टिकला हे दोन्ही नियम लागू नाहीत. त्यामुळे एकाच पक्षाच्या दोन मालांवर दोन वेगळे नियम लावणे प्रणालीला जमले पाहिजे.

परदेशी प्रणाली गाड्यांचे मार्ग, कंटेनरची अदलाबदल आणि फेरीनिहाय आकारणी यांत खरोखर सरस असतात, हे मान्य करावे लागेल. तुमचा धंदा मुख्यतः वाहतुकीचा असता, तर मी त्यांचीच शिफारस केली असती. परंतु ई-बीजक आणि ई-वे बिल यांसाठी त्यांना वेगळी जोड लागते आणि नियम बदलले की ती जोड कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न कायम राहतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. प्लास्टिकच्या ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) प्रमाणपत्रांचे काम प्रणालीतूनच व्हावे, असा आग्रह धरावा का?

उत्तर ३ (पर्यावरण अनुपालन सल्लागार)

तसा आग्रह धरू नये. प्रमाणपत्रे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरच तयार होतात, आणि तेथील नमुने बदलत असल्यामुळे «ईपीआर मॉड्यूल» या नावाने वेगळे पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. प्रणालीने एवढेच करावे की विकलेल्या दाण्यांच्या बीजकावरून मागे जात कोणत्या प्रवर्गाचा किती कचरा कोणाकडून आला, हे दाखवता यावे. लेखापरीक्षणात आलेला माल, विकलेला माल आणि विजेचा वापर हे एकमेकांशी ताडून पाहिले जातात, तेव्हा हाच दुवा उपयोगी पडतो.

माझा कल ईआरपीनेक्स्टकडे आहे, मात्र काट्याची जोड आधी एका शेडमध्ये चालवून पाहण्याच्या अटीवर. प्रोग्रामरचा पर्याय स्वस्त असला, तरी सोर्स कोड तुमच्या ताब्यात राहील असे करारात लिहून घेतल्याशिवाय त्याकडे वळू नये. आणि प्रात्यक्षिकाच्या वेळी काट्यावर बसणाऱ्या कर्मचाऱ्यालाच संगणकासमोर बसवा, कारण इंटरनेट बंद असताना फाटकावर गाड्यांची रांग लागली तर पावती कशी द्यायची, हा प्रश्न त्याच्याशिवाय कोणीही विचारणार नाही.