मदत हवी आहे: चहा घातलेले छोले कडू झाले, रात्री पाहुणे आहेत

सायली_वाघोली | शनिवार, दुपारी १:४०
लवकर सांगा प्लीज. छोल्यांना काळा रंग यावा म्हणून चहाची पुरचुंडी टाकून कुकर लावला. काळा सोडाच, मळकट तांबूस दिसतायत. चव अगदी सर्दीच्या काढ्यासारखी, कडवट. वर चणे दोन बोटांत दाबले तर अजून कचकच लागतायत. नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं दिल्लीवाले साडेआठला जेवायला येतायत आणि यानं त्यांना 'अस्सल पिंडी छोले' सांगून ठेवलंय. कुठे चुकलं? (बटाटा घाला म्हणू नका, घालून झाला.)

खमंग | दुपारी १:४६
चणे किती, चहा किती आणि कुठला, पाणी किती, शिट्ट्या किती, सोडा घातला का? एवढं सांगा, मग बोलू.

बंड्या_परतलाय | दुपारी १:४८
दिल्लीवाल्यांना छोले कशाला? ते त्यांना रोजचेच. झणझणीत पिठलं, भाकरी, ठेचा. पंधरा मिनिटांत स्वयंपाक.

सायली_वाघोली | दुपारी १:५२
चणे नेहमीएवढे. चहा अंदाजाने, घरातलाच. शिट्ट्या नेहमीसारख्या.
बंड्या, पिठल्याचं विचारलं नाहीये.

खमंग | दुपारी १:५५
तुमचं 'नेहमी' आम्ही पाहिलेलं नाही हो. आकडे द्या.

तर्कटेश्वर | दुपारी २:०३
त्याआधी एक सांगा, कडू की तुरट? दोन्ही वेगळं. जिभेच्या टोकाला आणि गालांच्या आत कोरडं, ओढल्यासारखं वाटत असेल, कच्चं केळ खाल्ल्यासारखं, तर तुरट. ते चहातल्या टॅनिनचं काम. चहा जितका जास्त वेळ उकळेल तितका तुरटपणा पाण्यात उतरतो. कपात आपण चार-पाच मिनिटं उकळतो, तुम्ही कुकरमध्ये अर्धा तास शिजवलात. कुकरमध्ये पाणी १२० अंशांच्या आसपास असतं, हेही धरा.

सायली_वाघोली | दुपारी २:१०
दोन्ही. आधी कडू, मग तुरट.
घ्या आकडे: अर्धा किलो काबुली चणे, रात्रभर भिजवलेले. चहा पाच चमचे. आठ शिट्ट्या झाल्यावर कडक लागले म्हणून आणखी चार. सोडा नाही, सासूबाईंना चालत नाही. चार टोमॅटोंची प्युरी होती ती कुकरमध्येच घातली, म्हणजे वेगळा व्याप नको. शेवटी पुरचुंडी पळीने घट्ट पिळून काढली, रंग वाया जाऊ नये म्हणून.

खमंग | दुपारी २:१९
हे पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?
१) पाच चमचे म्हणजे पाच माणसांचा चहा, तोही अर्धा तास कढवलेला. वर पुरचुंडी पिळलीत. पिळल्यावर जे येतं तो सगळा अर्क, तुरटपणाच तुरटपणा. हॉटेलवाले पुरचुंडी अलगद उचलून टाकतात.
२) टोमॅटो. आंबट घातलं की कडधान्य शिजता शिजत नाही. आमटीत चिंच डाळ शिजल्यावर घालतो, ते काय उगाच?
३) रंग गेला तोही टोमॅटोनेच. पटत नसेल तर कोरा चहा दोन कपांत ओता. एकात लिंबाचे चार थेंब, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा. बघा काय होतं ते आणि इथे येऊन सांगा.

सायली_वाघोली | दुपारी २:२१
मला प्रयोग नकोयत, छोले हवेत.

कुंदाकाकू | दुपारी २:३०
अगं सायली, मुळात छोल्यात चहा घालूच नये. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. माझ्या भाचीचं हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं, डॉक्टरांनी पहिल्यांदा जेवणाबरोबरचा चहा बंद केला.

तर्कटेश्वर | दुपारी २:३६
काकू, चहातली टॅनिनं वनस्पतीजन्य लोह बांधून ठेवतात हे खरं. पण इथे पाहुणे एका रात्रीपुरते येतायत, त्यांचं हिमोग्लोबिन सायलीच्या छोल्यांवर अवलंबून नाही. शिवाय वर लिंबू पिळलं तर क जीवनसत्त्व लोह शोषायला मदतच करतं.

कुंदाकाकू | दुपारी २:४१
मी अनुभवाचं सांगितलं. ज्याला पटेल त्याने घ्यावं.

पाजी_पुणेकर | दुपारी २:५०
चंदीगडला अकरा वर्षं काढलीत म्हणून बोलतो. चहा हा जुगाड आहे. खरा रंग येतो आवळकाठीने, म्हणजे वाळवलेल्या आवळ्याने. तीन-चार तुकडे चण्यांसोबत कुकरमध्ये, मग लोखंडी कढईत परतायचं. आवळ्यातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड मिळून काळाभोर रंग. आपल्याकडे हिरड्याचा काढा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) मिळून काळी शाई करायचे ना, तसंच. आणि पिंडी म्हणजे रावळपिंडीचे. फाळणीनंतर तिकडून आलेल्या लोकांनी दिल्लीत रुजवले. ते कोरडे असतात. अनारदाण्याची पूड, भाजलेलं जिरं, वरून कडकडीत तुपात आलं-मिरची. टोमॅटोची प्युरी घातलीत म्हणजे ते पिंडी राहिलेच नाहीत, ती छोल्यांची आमटी झाली.

खमंग | दुपारी २:५८
आवळकाठी वाघोलीत आता, या क्षणी, कुठे मिळणार? आणि अमृतसरचे किती हलवाई चहाच घालतात. तुम्ही चंदीगडात राहिलात म्हणून अख्ख्या पंजाबचा मक्ता तुमच्याकडे आला का?

पाजी_पुणेकर | दुपारी ३:०२
काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. न शोधता 'कुठे मिळणार' म्हणायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

गवळण | दुपारी ३:०५
चहा घालून स्वयंपाक मीही करते! गवती चहाच्या दोन पाती मुडपून गाठ मारून भोपळ्याच्या सूपमध्ये टाकते, नारळाचं दूध घालते. वास असा सुटतो की शेजारी विचारतात. गवती चहा कुंडीत सहज येतो, फक्त पाणी साचू देऊ नका.

खमंग | दुपारी ३:०७
ताई, गवती चहा हा चहा नव्हे. ते गवत आहे.

गवळण | दुपारी ३:०९
नावात चहा आहे.

सिंगापूरची_सई | दुपारी ३:२२
अवांतर आहे, पण राहवत नाही. चहा तिखटा-मिठाच्या पदार्थात घालायचाच तर अंड्यांत घाला. इथे आणि तैवानमध्ये दुकानांत काउंटरपाशीच भांडं ठेवलेलं असतं, काळ्या पाण्यात अंडी डुंबत असतात. घरी सोपं आहे: अंडी आठ मिनिटं उकडा, चमच्याच्या पाठीने टकटक करून कवचाला तडे पाडा, पण सोलू नका. मग कोरा चहा, सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी यांत मंद आचेवर ठेवा आणि रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्या. सोलल्यावर पांढऱ्यावर तपकिरी रेषांची जाळी दिसते, जुन्या चिनी मातीच्या बरणीला बारीक तडे गेलेले असतात तशी. माझी मुलगी ती जाळी बघण्यासाठी अंडं खाते.
जपानी लोक भातावर ग्रीन टी ओतून खातात, तो म्हणजे त्यांचा ताकभात.

सायली_वाघोली | दुपारी ३:२६
सई, छान आहे, पण आज अंडी नाहीत. आज छोले.

इरावतीकाठी | दुपारी ३:४०
चहाची पानं नुसती घालतच नाहीत, खातात! ब्रह्मदेशात नोकरीला होतो तेव्हाचं सांगतो. तिथे चहाची कोवळी पानं वाफवून, दाबून, आंबवून ठेवतात. त्याला लाहपे म्हणतात. मग कोबी, टोमॅटो, तळलेला लसूण, शेंगदाणे, तीळ, सुकी सुंगटं घालून कोशिंबीर. पहिला घास तुरट, दुसरा आंबूस, तिसऱ्यापासून थांबवत नाही. रात्री खाल्लं की झोप मात्र उडते, चहाच तो शेवटी.

बंड्या_परतलाय | दुपारी ३:४४
टिळक सहा वर्षं मंडालेला होते. त्यांनी खाल्लं असेल का हे?

तर्कटेश्वर | दुपारी ३:५१
तुरुंगात कोण देणार कोशिंबीर? पण टिळक आणि चहा म्हटलं की १८९० चं पंचहौद मिशन. मिशनऱ्यांकडे चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, झालं. टिळक, रानडे, सगळे त्या यादीत. तेव्हा नुसत्या कपावरून प्रायश्चित्त होतं, सायलीने तर अर्धा किलो चण्यांत घातलाय. (दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.)

सायली_वाघोली | दुपारी ४:०२
टिळक पुरे!! साडेचार तास राहिले. पण वैतागून केला मी तो दोन कपांचा प्रयोग. खमंग, तुमचं बरोबर निघालं. लिंबाच्या कपातला चहा डोळ्यांदेखत फिका झाला, मधासारखा पिवळट. सोड्याच्या कपातला एकदम गडद झाला, कपाचा तळच दिसेना. मुलगा म्हणाला, आई अजून करून दाखव.
पण आता दोन्ही कप हुंगले तर दोन्हींना वेलची-सुंठेचा वास येतोय.

खमंग | दुपारी ४:०४
वेलची? सुंठ? कुठून?

सायली_वाघोली | दुपारी ४:०७
आमच्याकडे चहाच्या डब्यातच मसाला मिसळून ठेवतात ना. सुंठ, वेलची, मिरी, लवंग, वाळवलेली तुळस. सासूबाई महिन्याचा एकदम करतात. सगळ्यांकडे असंच असतं की.

खमंग | दुपारी ४:०८
...

पाजी_पुणेकर | दुपारी ४:०९
म्हणून काढ्यासारखी चव! काढाच केलाय तुम्ही! लवंग आणि तुळस बारा शिट्ट्या!

बंड्या_परतलाय | दुपारी ४:१०
पाहुण्यांना सर्दी असेल तर उत्तम.

खमंग | दुपारी ४:१७
सायली, अजून वेळ आहे. करा असं.
चणे चाळणीत ओता, ते पाणी टाकून द्या. जीव कासावीस होईल, पण टाकाच. बटाटाही काढा, त्याने कडूपणा जात नसतो. चणे दोनदा गरम पाण्याने धुवा. मग नवीन पाणी, अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा, मीठ, चार शिट्ट्या. सोडा याहून जास्त नको, साबणासारखं लागतं. आंबट काहीही नको. त्या पाण्यातच कोरा चहा मिसळायचा, पण वेगळा करून: दोन कप पाण्यात तीन चमचे साधी चहा पावडर, पाच मिनिटं उकळून, गाळून, न पिळता. साधी म्हणजे मसाल्याशिवायची! किराणा दुकानातून छोटा पुडा आणा. दाणेदार आणा, डस्ट नको, डस्ट फडक्यातून निसटते आणि तळाशी रेती बसते.
सासूबाईंना सांगा, सोडा ढोकळ्यातही असतो.

तर्कटेश्वर | दुपारी ४:२३
एक विचारायचं राहिलं. पाणी कुठलं वापरता?

सायली_वाघोली | दुपारी ४:२५
टँकरचं. वाघोलीत दुसरं काय असणार?

तर्कटेश्वर | दुपारी ४:२७
मग टोमॅटो एकटा गुन्हेगार नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळेही चणे बोद होत नाहीत. बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना? तेच. यावेळी पिण्याच्या फिल्टरचं पाणी घ्या.

पाजी_पुणेकर | दुपारी ४:३१
आणि लोखंडी कढई असेल तर परतायला तीच घ्या. निदान एवढं तरी माझं ऐका. अनारदाणा नसेल तर आमचूर, तोही गॅस बंद करताना, आधी नाही, नाहीतर रंग पुन्हा उतरेल.

खमंग | दुपारी ४:३३
पाजींना पहिल्यांदाच अनुमोदन.

कुंदाकाकू | दुपारी ४:४०
वरून लिंबू पिळायला विसरू नकोस गं.

नवा_सदस्य_३१ | संध्याकाळी ६:१५
नमस्कार. मला चहाचे डाग पांढऱ्या शर्टावरून कसे काढायचे ते हवे आहे. हा योग्य धागा आहे का?

बंड्या_परतलाय | संध्याकाळी ६:१८
आहे. आधी सांगा, मसाल्याचा चहा की साधा?

सायली_वाघोली | रविवार, सकाळी १०:५०
काल लिहायला वेळ नाही झाला. छोले झाले! पिण्याचं पाणी, सोडा, साधा चहा, चार शिट्ट्या. चणा जिभेने टाळूवर दाबला तरी विरघळत होता. रंग कुकरमध्ये गडद तपकिरी होता, लोखंडी कढईत परतताना कडेने काळा होत गेला. मसाल्याचा वास पूर्ण नाही गेला, मागे थोडी वेलची रेंगाळत होती. पाहुण्यांपैकी एकाने विचारलंच की यात वेलची का लागतेय. नवरा म्हणाला, आमच्या घरची पद्धत. त्या दोघांतला दिल्लीचा एकच निघाला, दुसरा इंदूरचा, त्याला छोल्यांपेक्षा कांद्याची चटणी आवडली.
सासूबाईंना सोड्याचं अजून सांगितलेलं नाही.

खमंग | रविवार, सकाळी ११:०२
भले शाब्बास. वेलचीचा डबा आणि चहाचा डबा आता वेगळे करा. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

सायली_वाघोली | रविवार, सकाळी ११:३०
अर्धा पुडा साधा चहा उरलाय म्हणून सईने सांगितलेली अंडी करायला घेतलीत. उकडून तडे पाडून झाले, आता बघते तर घरात सोया सॉसच नाही. त्याऐवजी काय चालेल? चिंचेचा कोळ आहे. लवकर सांगा, गॅस चालू आहे.

सिंगापूरची_सई | रविवार, सकाळी ११:३३
चिंच नको!! रंग! मीठ आणि थोडा गूळ घाल. किती अंडी आहेत?

सायली_वाघोली | रविवार, सकाळी ११:३४
नेहमीएवढीच.